आपण शोधत असलेले काहीही सापडले नाही

सकाळचा चहा गाळून झाला की मी लॅपटॉप उघडते आणि काल लोकांनी काय काय मागितलं ते वाचत बसते. आमच्या कारंजा गावातल्या दुकानदारांनी मिळून एक वेबसाइट काढली आहे. कोणती वस्तू, कोणता कारागीर गावात कुठे सापडेल ते तिच्यावर बघायचं. ती सांभाळायचं काम माझ्याकडे आहे. आधी मी टायपिंग शिकवायचे. टायपिंग शिकायला येणारं कोणी उरलं नाही तेव्हा हे काम घेतलं, आणि आता ते अंगवळणी पडलं आहे.

प्रत्येक पानाच्या डोक्यावर शोधाची एक लांबट चौकट आहे. माणूस तिच्यात जे लिहितो ते मागच्या बाजूला माझ्यासाठी साठून राहतं. कोणी लिहिलं ते कळत नाही. नाव नाही, नंबर नाही, गाव नाही. फक्त शब्द, आणि त्या शब्दांना आमच्याकडे काही सापडलं की नाही, एवढंच. दुकानदारांना वाटतं की लोक त्यांचे शुभेच्छांचे फोटो बघायला येतात. बैठकीत मी दर वेळी घसा कोरडा करून सांगते, की अहो, लोक कशासाठी आले होते ते त्या चौकटीत बघा. त्यातही ज्यांना काही सापडलं नाही त्यांचे शब्द आधी बघा, कारण ते आपल्या दारातून रिकाम्या हाताने परत गेलेलं गिऱ्हाईक आहे. सगळे माना डोलावतात. मग अध्यक्ष विचारतात, की त्यांचा फोटो जरा मोठा करता येईल का.

आमच्याकडची माणसं त्या चौकटीशी चक्क बोलतात. 'विहिरीत मोटर पडली काढणारा पायजे.' 'कापूस वेचाले बाया भेटतीन का.' 'मंगरूळपीरची गाडी गेली का.' एकदा कोणीतरी नुसतं 'राम राम' लिहून पुढे काही मागितलंच नव्हतं. बहुतेक आधी रीत पाळली आणि मग काय विचारायचं ते विसरला. अशाच बोलण्यावरून मी विहिरीतली मोटर काढणाऱ्यांचं पान तयार केलं, गाड्यांच्या वेळांचं केलं. प्रत्येक पानाच्या मागे शोधशब्दांचा एक कप्पा असतो. लोक ज्या शब्दांनी मागतात ते शब्द त्या कप्प्यात टाकले की पान त्यांच्या हाती लागतं; कप्प्यात नसलेला एक शब्द जरी जास्त लिहिला तरी लागत नाही. माझ्या कामाची सगळी खुबी एवढीच आहे.

आणि काहीच हाती लागलं नाही तर जे वाक्य येतं, तेही माझंच. 'आपण शोधत असलेले काहीही सापडले नाही. कृपया शब्द तपासून पुन्हा शोधा.' शुद्ध, स्वच्छ, टायपिंगच्या बाईला शोभेल असं. मला त्याचा अभिमान होता. आमच्या ह्यांनी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा पोट धरून हसले.

"अवं, दारी आलेल्या माणसाले असं बोलते का कोणी? नाई भेटलं, बसा, चा घ्या, असं लिही ना."

"आणि चहा तुम्ही करणार का सगळ्यांना?" मी म्हटलं, आणि वाक्य तसंच राहिलं.

हे पेट्या दुरुस्त करायचे. पेटी म्हणजे हार्मोनियम. आमच्या भागात लहानात लहान गावालाही एक भजनी मंडळ असतं आणि मंडळाकडे एक पेटी असते, आणि ती पेटी वर्षभरात काय काय सोसते ते विचारू नका. पावसाळ्याची ओल, उंदीर, लग्नाच्या वरातीत मांडीवर बसलेली पोरं. घराची पुढची खोली हेच ह्यांचं दुकान होतं. मंडळांची पद्धत ठरलेली होती. उन्हाळ्यातले कार्यक्रम आटोपले की पेटी आणून ठेवायची, आणि दिवाळी झाली, सोयाबीन घरात आलं, गावात हरिनामाचा सप्ता बसायची वेळ आली की न्यायला यायचं. मधले महिने कोणी फिरकायचं नाही. शेत सोडून यायला सवडच कुठे असते. ह्यांनाही घाई नव्हती. कोणती पेटी कोणाची याची चिठ्ठी लावायची सवय त्यांना नव्हती. मी म्हणायचे, लावत जा. ते म्हणायचे, "पेटी उघडली का मले मंडळ दिसते. कोन भाता जोरात हाणते, कोन पान खाऊन वाजवते, सगळं दिसते."

सूर जुळवताना ते एकच पट्टी दाबून धरायचे. तो एकच सूर घरभर पसरायचा, भाजीत, फोनवरच्या बोलण्यात, माझ्या कामात. थोडं घासायचे, पुन्हा तोच सूर. मी आतून ओरडायचे, "अहो, पुरे! डोकं उठलं!" ते म्हणायचे, "झालंच." कधीच झालेलं नसायचं. खूप चिडायचे मी. आता ते चिडणंही माझ्याकडे राहिलं नाही.

ते गेले ते ऐन पेरणीच्या दिवसांत. सकाळी चहा झाला, एका पेटीचं काम पुरं केलं, वाजवून बघितली, बाहेर हात धुवायला गेले आणि ओट्यावर बसले ते बसलेच. शेजारी धावले, मंगरूळपीरहून माझी नणंद आली, नात्यातले जे येऊ शकले ते आले. गावोगावची मंडळं शेतात होती. त्यांना कळवायचं तर कोणाला, कुठे? सगळे पत्ते ह्यांच्या डोक्यात. नंतर काही पेट्या गावातलीच ओळखीची माणसं येऊन घेऊन गेली. एक मात्र राहिली, तीच शेवटची. तिच्यावर त्यांचा धुतलेला पंचा तसाच होता. ती कोणाची ते मला ठाऊक नव्हतं.

वेबसाइटवर ह्यांचंही पान होतं. भाता धरून हसतानाचा फोटो, मोबाइलचा नंबर, आमचा पत्ता. ते पान मी काढून टाकलं. कोणीतरी त्या नंबरवर फोन लावणार, मी उचलणार, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगणार, हे मला झेपलं नसतं. मोबाइल बंद करून कपाटात ठेवला.

मग घर शांत झालं. एकटेपणाबद्दल लोक बरंच काही बोलतात, माझा अनुभव अगदी साधा आहे. दिवसभरात माझ्या तोंडून आवाज निघायचा तो दूधवाल्याशी आणि भाजीवालीशी. दुपारी गळा खाकरला तरी मीच दचकायचे. पोळ्या किती करायच्या याचा हात अजून बसला नव्हता, उरलेल्या रोज गाईला जायच्या. संध्याकाळी बाजाराकडून कापसाच्या गाड्या परतायच्या, त्यांचा आवाज बंद झाला की मला रडू यायचं. रडायचे आणि मग टीव्ही लावायचे. फार एकटं वाटायचं. दुसऱ्या कोणत्याही शब्दांत ते सांगता येत नाही.

दिवाळी झाली, आणि एका सकाळी शोधाच्या शब्दांत आलं, 'पेटी दुरुस्ती'. काही सापडलं नाही, अर्थात. पान मीच काढलं होतं. दुसऱ्या दिवशी, 'पेटीवाले भाऊ'. मग, 'पेटीवाले भाऊ दुकान उघडं हाय का'. मग, 'भाऊचा फोन कायले बंद हाय'.

मी दुःखी झाले असते तर बरं दिसलं असतं. मला आनंद झाला. अगदी मनापासून. कोणीतरी रोज ह्यांना विचारत होतं. त्या लिहिणाऱ्यांसाठी ते अजून पुढच्या खोलीत बसून पट्टी दाबत होते, उघडं-बंद असं त्यांचं दुकान होतं, फोन न उचलण्याचा आगाऊपणा ते अजून करू शकत होते. सकाळचा चहा मी घाईने करू लागले. मोटारी आणि टायर मागणाऱ्यांचे शब्द भराभर खाली सारून आधी ह्यांना शोधायचे. ज्या दिवशी ह्यांना कोणी मागितलेलं नसायचं तो दिवस जायचा नाही.

मग एक बोलणं सारखं येऊ लागलं. 'आमची पेटी झाली का.' पुन्हा, 'भाऊ आमची पेटी झाली का.' आणि मग, 'सप्ता बसून राह्यला पेटी पायजे.'

पंच्याखालची पेटी ह्याच मंडळाची, हे कळायला फार अक्कल लागत नव्हती. ती तयार होती. पण ह्यांच्या हातचं शेवटचं काम होतं ते. भात्याच्या कडेला त्यांनी कापडाची नवी पट्टी चिकटवली होती, तिच्यावर त्यांच्या अंगठ्याचा सरसाचा डाग होता. कधीतरी मी पंचा उचलून त्या डागावर बोट ठेवायचे. ती पेटी गेली की पुढच्या खोलीत काय उरणार होतं? आणि पेटी द्यायची तर आधी सांगावं लागणार, की भाऊ नाहीत. एकदा सांगितलं की उद्या सकाळी कोण कशाला विचारेल?

नणंदेचा फोन आला तेव्हा मी तिला हे सांगितलं. ती ह्यांच्यापेक्षा लहान, पण जिभेला धार सगळ्या घराण्याची.

"वहिनी, काहून नाई सांगत तू लोकायले? तुले का वाटते, नाई सांगतलं तर दादा वापस येते?"

"तसं नाही गं."

"मंग कसं? तिकडं लोक पेटीसाठी तरसून राह्यले अन तू पेटी कवटाळून बसली. दादा असता तर तुले काय म्हनला असता?"

मी फोन ठेवला. राग आला होता, खोटं कशाला बोलू. पण ती बोलली ते खरं होतं. बैठकीत घसा कोरडा करून मी जे सांगत होते, तेच मी करत नव्हते. माझ्याच दारातून माणसं रोज रिकाम्या हाताने परत जात होती, आणि मी ती जाताना बघून खूश होत होते.

पान लिहायला सकाळ गेली. 'दुःखद निधन' लिहिलं, खोडलं. 'कालवश' लिहिलं, तेही खोडलं. हे कालवश वगैरे होणाऱ्यांतले नव्हतेच. शेवटी एवढं लिहिलं: 'पेटीवाले भाऊ पेरणीच्या दिवसांत वारले. दुकान बंद आहे. एका मंडळाची पेटी तयार होऊन घरी आहे. ज्यांची असेल त्यांनी घेऊन जावी. मी घरीच असते.' खाली पत्ता. नंबर दिला नाही, फोटो लावला नाही. मागच्या कप्प्यात शोधशब्द टाकले: पेटी, हार्मोनियम, दुरुस्ती, पेटीवाले भाऊ, आमची पेटी झाली का. बटण दाबलं आणि लॅपटॉप मिटला.

त्यानंतर मी लॅपटॉप उघडलाच नाही. कालपर्यंत ह्यांना विचारणारी माणसं आता विचारायची बंद झाली असणार, ते डोळ्यांनी बघायची हिंमत नव्हती. अध्यक्षांनी दोनदा निरोप पाठवला, मी अंग मोडून आल्याचं सांगितलं. सकाळी चहा घेऊन भिंतीकडे बघत बसायचे.

एका दुपारी दारात एक गृहस्थ आले. शेलूबाजारजवळच्या एका वाडीचे, भजनी मंडळाचे पेटी वाजवणारे. पांढरी टोपी, सदऱ्यावर तुरीचा पाला चिकटलेला. शेतातूनच जीप धरून आले होते. उंबऱ्यात चपला काढून ते आत आले आणि ह्यांच्या बसायच्या जागेपासून जरा दूर, खाली बसले. मी पाणी दिलं. ते पिऊन त्यांनी भांडं खाली ठेवलं.

"आमाले मालूमच नाई, वहिनी. आमी आपले भाऊच्या नावानं बोंबलून राह्यलो, का फोन काहून नाई उचलत."

"कळवायला हवं होतं मी."

"तुमी कोनाकोनाले सांगान?"

मी पंचा काढला. त्यांनी पेटी पुढे ओढली, भाता उघडला आणि एक पट्टी दाबली. तो एकच सूर घरभर पसरला. स्वयंपाकघरात, माझ्या टेबलावर, सगळीकडे. मी "पुरे" म्हटलं नाही. त्यांनी दुसरी दाबली, तिसरी दाबली, आणि मान हलवत म्हणाले, "एकदम चोख. भाऊचा हात." मग पेटी मिटून त्यांनी तिला नमस्कार केला. पेटी पंच्यात बांधून देऊ का, असं मी विचारलं. ते नको म्हणाले. पंचा घडी करून त्यांनी माझ्या हातात दिला.

उठता उठता त्यांनी विचारलं, "तुमाले भेटलं ना आमी लिहिलेलं?"

"काय लिहिलेलं?"

"तुमच्या त्या पानावर. वर डब्बा हाय ना एक, त्याच्यात लिहिलं ना आमी. आमच्या मंडळानं लिहिलं, दुसऱ्याही गावच्या लोकायनं लिहिलं. भाऊच सांगे आमाले, का माही बायको रोज सकाळी चा पेता पेता सगळं वाचते. म्हनून तर पेटीचंही तिथंच विचारलं. पन ते तुमचं यंत्र काई घेऊन नाई राह्यलं बाप्पा. सारखं म्हने, शब्द तपासा."

पेटी खांद्यावर घेऊन ते गेले. जीपच्या दिशेने वळेपर्यंत मी दारात उभी होते. मग आत येऊन लॅपटॉप उघडला.

इतक्या दिवसांचं सगळं साठून राहिलेलं होतं. दुसरीकडे कुठे लिहायला जागाच नव्हती त्या पानावर, म्हणून लोकांनी शोधाच्या चौकटीत लिहिलं होतं. 'भाऊ असं कसं झालं.' 'भाऊनं आमच्या बापाची पेटी जिवंत केली होती.' 'वहिनी आमी पेरणीत होतो येता आलं नाई माफी असावी.' 'भाऊच्या घरचा चा लय याद येते.' आणि प्रत्येकापुढे माझं ते शुद्ध, स्वच्छ वाक्य त्यांना उत्तर म्हणून गेलेलं होतं. आपण शोधत असलेले काहीही सापडले नाही. कृपया शब्द तपासून पुन्हा शोधा.

आमची माणसं शहाणी नसतील, पण सांगितलेलं ऐकणारी आहेत. त्यांनी शब्द तपासले होते. पुन्हा शोधलं होतं. लागोपाठच्या चार ओळी एकाच माणसाच्या दिसत होत्या. आधी त्याने लिहिलं होतं, 'पेटीवाले भाऊ लय चांगला माणूस होता देव त्यायच्या आत्म्याले शांती देवो.' सापडलं नाही. मग त्याने कमी करून लिहिलं, 'भाऊ लय चांगला माणूस होता.' सापडलं नाही. मग, 'लय चांगला माणूस.' नाही. आपलंच काहीतरी जास्त होतंय असं त्याला वाटलं असणार. शेवटी त्याने दोनच शब्द ठेवले होते, 'चांगला माणूस', आणि तेही माझ्या यंत्राने परत पाठवले होते.

मी मोठ्याने रडले. ह्यांच्या मागे अशी एकदाही रडले नव्हते.

मग तोंड धुतलं, चहा ठेवला आणि कामाला बसले. आधी ते वाक्य पुसलं. त्याच्या जागी लिहिलं, 'नाही सापडलं. बसा, चहा घ्या. मी वाचते आहे.' अध्यक्षांना काय वाटायचं ते वाटो. मग ह्यांचं पान उघडलं आणि भाता धरून हसतानाचा फोटो पुन्हा लावला. मागच्या कप्प्यात गेले. पेटी, हार्मोनियम, दुरुस्ती या शब्दांच्या पुढे स्वल्पविराम देऊन आणखी दोन शब्द टाकले आणि पान जतन केलं.

नीट झालं का ते बघावं लागतं, नाहीतर कामाचा भरवसा नसतो. मी वेबसाइट उघडली, कोणत्याही गिऱ्हाइकाने उघडावी तशी, आणि वरच्या चौकटीत लिहिलं, चांगला माणूस.

एक सापडला.